जोडीदार कोण?

आशाबाईला एखादी गोष्ट कळायची राहिली की तिला घास गोड लागत नसे. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पुलावरून आत शिरणाऱ्या एका गल्लीत तिचा फुलांचा ओटा. तिथं बसून ती साऱ्या जगाची चौकशी करायची. गिऱ्हाईक हार घ्यायला आलं की हार कुणाला, कार्यक्रम कुठं, नवरी कुठली, तिचा मामा काय करतो, हे सगळं विचारून झाल्याशिवाय दोऱ्याला गाठ पडत नसे. एकदा मयतीचा हार न्यायला आलेल्या माणसाला तिनं, "काय झालतं जी? किती दिवस होते दवाखान्यात? शेवटी बोलले का काही?" असं इतक्या मायेनं विचारलं, की तो बिचारा तिथंच ओट्याच्या पायरीवर बसून रडून मोकळा झाला. तेव्हा बाई वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवतो. फक्त नाक खुपसल्याशिवाय तिला राहवत नसे.

त्याच ओट्यावर तिच्या उजव्या हाताला पार्वताबाई बसायची. दोघी माळ्याच्या. आशाबाईचा झेंडू आणि शेवंती घरच्या वावरातली, नवरा खुशालराव पहाटे तोडून आणायचा. पार्वताबाई गुलाब न् निशिगंध विकत घेऊन बसायची. बारा वर्षांपूर्वी दोघींनी मिळून हा ओटा जोडीत घेतला होता, आणि फुलबाजारात असा जोडीत ओटा घेणाऱ्याला जोडीदारच म्हणतात, मग ती बाई असो की बाप्या. 'आशाबाईची जोडीदार कुठी गेली?' असं कुणीही विचारायचं. आशाबाई दिवसाला हजार शब्द बोलायची आणि पार्वताबाई दहा, त्यातले चार गिऱ्हाइकाशी. पण बारा वर्षांत दोघींचं एकदाही वाजलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी पार्वताबाईचा नवरा देवीदास एक लेकरू मागं ठेवून वारला. कावीळ झाली होती म्हणे. महिनाभर ती आली नाही, मग एक दिवस आली आणि गपचूप निशिगंध ओवायला बसली.

तर गोष्ट सुरू झाली ती नवरात्रात, आशाबाईच्या पोरीपासून. आचल अमरावतीला कॉलेजात शिकते, होस्टेलला राहते. शनिवारी घरी आली ती मोबाइल पुढं करतच. कॉलेजच्या पोरांना एक काम लागलं होतं. 'बिनधास्त विचार' नावाचं एक ॲप होतं, तरुण पोरापोरींना एचआयव्हीची माहिती देणारं. ते वीस जणांच्या मोबाइलमध्ये टाकून दाखवायचं होतं. आचलचे एकोणीस जण झाले होते.

"आण तुहा मोबाइल," ती म्हणाली.

"मले काहाले पायजे ते?"

"तुले नाही पायजे वं, मले पायजे. वीस झाले पायजेत."

ॲप पंधरा ते चोवीस वयाच्याच माणसाला आत घेत होतं. आचलनं बिनदिक्कत आईचं वय एकोणीस टाकलं.

"एकोणीस?" आशाबाई म्हणाली. "बाप्पा! एकोणीस सालाची होती तवा त तू पोटात होती."

पोरगी हसली आणि रविवारी अमरावतीला निघून गेली. वाटलं असेल, काम झालं. पण आशाबाईच्या हातात बोलणारी वस्तू द्यायची आणि ती गप्प ठेवून देईल असं समजायचं, म्हणजे आचलला आपली आई अजून कळलीच नव्हती.

दुपारी एक ते चार गल्लीत शुकशुकाट असतो. आशाबाईनं कानात इअरफोनची बोंडं घातली आणि ॲप उघडलं. आतून एक पोरगी बोलायला लागली. आवाज गोड, भाषा एकदम पुस्तकातली. धडा ऐकला की प्रश्न यायचा, उत्तर बरोबर आलं की तारा मिळायचा. दोन दिवसांत आशाबाईला अकरा तारे मिळाले. हा आजार रक्तातून होतो, असुरक्षित शरीरसंबंधातून होतो, आईकडून लेकराला होऊ शकतो, दूषित सुईमधून होतो. संगं जेवल्यानं होत नाही, एका गिलासातून पाणी प्याल्यानं होत नाही, शेजारी बसल्यानं तर मुळीच नाही. हे सगळं तिला नवीन होतं आणि तिला ते भल्लं आवडलं. लग्नाला बावीस वर्षं झालेल्या बाईला शरीरसंबंधावर इतकं स्वच्छ, न लाजता कुणी बोललेलं तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. ती एकटीच लाल व्हायची, इकडंतिकडं पाहायची आणि धडा पुन्हा लावायची.

प्रश्न विचारायला एक खिडकी होती, तिथं बोललं तरी चालायचं. आशाबाईनं मोबाइल तोंडाजवळ नेला आणि विचारलं, "डास चावला त काहून होत नाही? त्याच्या पोटात त रगत असते."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. डास चावताना आपली लाळ सोडतो, आधी प्यालेलं रक्त सोडत नाही, आणि हा विषाणू त्याच्या पोटात जगत नाही. आशाबाईनं ही बातमी ओट्याओट्यावर जाऊन सांगितली. केळीवाल्याला सांगितली, नारळवाल्याला सांगितली. परत येऊन पार्वताबाईला सांगायला लागली, तर पार्वताबाई खाली मान घालून म्हणाली, "बंद कर वं ते. दुपारचं डोकं दुखते."

आशाबाईनं कानात बोंडं घातली आणि पुढचा धडा लावला. उपचाराचा. आजार पूर्ण जात नाही, पण रोज एक गोळी घेतली तर माणूस भलाचंगा राहतो, म्हातारा होतो, नातवंडं खेळवतो. आणि पडद्यावर त्या गोळ्यांची डबी आली. पांढरी, प्लॅस्टिकची, रुंद झाकणाची.

आशाबाईनं डबी पाहिली आणि तिची नजर आपोआप पार्वताबाईच्या थैलीकडं गेली. ती डबी त्या थैलीत होती. सहा वर्षांपासून होती. सुटे पैसे काढताना, पानाचा बटवा काढताना शंभरदा दिसली होती. आणि आशाबाईनं, जगाची चौकशी करणाऱ्या आशाबाईनं, तिच्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. स्वतःच ठरवून टाकलं होतं की पार्वताला रगत कमी आहे. वरून साऱ्या गल्लीला तसं सांगितलंही होतं.

नजर वर केली तर पार्वताबाई तिच्याचकडं पाहत होती. दोघींनी एकदमच दुसरीकडं पाहिलं.

आता शहाण्या माणसानं मोबाइल ठेवून दिला असता. आशाबाई शहाणी कुठली? पुढची पायरी होती 'स्वतःची जोखीम ओळखा'. तिनं ती दाबली.

"तुम्हाला नियमित जोडीदार आहे का?" पोरीनं विचारलं.

आहे की. आशाबाईनं 'आहे' दाबलं.

"किती काळापासून?" खाली सगळ्यात मोठा आकडा होता 'पाच वर्षांहून अधिक'. तिनं तो दाबला.

"तुमच्या जोडीदाराला एचआयव्हीची लागण आहे, किंवा असण्याची शक्यता आहे का?"

आशाबाईनं पुन्हा एकदा त्या थैलीकडं पाहिलं. तिनं कोपरानं मोबाइल झाकला आणि 'शक्यता आहे' दाबलं.

"तुम्ही आणि तुमचा जोडीदार एकच सुई वापरता का?"

ओट्यावर हाराच्या दोन लांब सुया होत्या, आणि बारा वर्षांत कोणती कुणाची हे कधी कुणी पाहिलं नव्हतं. जी हाताशी आली ती उचलायची. सणाच्या दिवसांत बोटांची चाळणी व्हायची. कालच पार्वताबाईनं बोट टोचलं म्हणून सुई ठेवली होती, आणि आशाबाईनं तीच उचलून पुढचा हार ओवला होता. तिनं 'होय' दाबलं.

पडदा लालभडक झाला. "तुम्हाला धोका जास्त आहे. घाबरू नका. लवकरात लवकर जवळच्या केंद्रात तपासणी करून घ्या," पोरगी तशाच गोड आवाजात म्हणाली.

दसरा तीन दिवसांवर आला होता. झेंडूचा वर्षातला सगळ्यात मोठा बाजार. आणि दुसऱ्या दिवशी आशाबाई ओट्यावर गेलीच नाही. कंबर धरली म्हणाली. खुशालरावानं एकट्यानं फुलं नेऊन पार्वताबाईपाशी टाकली. आशाबाई घरात बसून आपली बोटं पाहत राहिली. एकेका टोचल्याच्या खुणेला विचारत होती, तू कोणत्या सुईची? मनात भीती होती, आणि भीतीच्या खाली राग होता. सहा वर्षं हाताला हात लावून बसली, आणि एका शब्दानं बोलली नाही! मला मारायला बसली होती का ही? मग स्वतःच्याच विचाराची लाज वाटायची, आणि पुन्हा बोटांकडं नजर जायची.

तपासणी करायची, पण अकोल्यात कशी? ज्या गावात तिनं एकूणएक माणसाची चौकशी केली होती, त्या गावातलं एकही माणूस तिची चौकशी केल्याशिवाय तिला सोडणार नव्हतं. 'आचलले भेटून येतो' असं घरी सांगून ती अमरावतीच्या एसटीत बसली. शेजारची बाई आपल्या सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती, चांगलं रंगवून रंगवून सांगत होती. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, आशाबाईनं तिला एक प्रश्न विचारला नाही.

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात तपासणीची खोली तिला तिघांना विचारून सापडली. आत कुंदन नावाचा समुपदेशक बसला होता. पोरगेलासा, तिशीचा. त्यानं दार लोटलं, पाणी दिलं, आणि म्हणाला, "बोला मावशी. इथलं बाहेर जात नाही."

आशाबाईनं त्याच्यापुढं मोबाइलच ठेवला. लाल पडदा तसाच होता. कुंदननं पाहिलं. "वय एकोणीस?"

"ते पोरीनं टाकलं."

"बरं. तर जोडीदाराला लागण असू शकते असं तुम्हाला वाटते. काका कुठं आहेत? त्यांनाही तपासावं लागेल."

"त्यायचं काय काम? ते वावरात हायेत."

"मावशी, जोडीदार म्हणजे तेच ना?"

"नवऱ्याले जोडीदार कोन म्हनते जी?" आशाबाईला आता रागच आला. "नवरा त नवरा. जोडीदार म्हंजे पार्वता. आमच्या ओट्यावरची. बारा सालापासून दोघी संगं हाव."

कुंदनच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते त्याचं त्याला ठाऊक. पण पोरगा कसलेला होता, ओठ आवळून बसला. "आणि एकच सुई वापरता म्हणजे? नशेचं इंजेक्शन वगैरे...?"

"शिव शिव!" आशाबाईनं पदराच्या टोकाला टोचून ठेवलेली हाराची सुई उपसली आणि टेबलावर ठेवली. वीतभर लांब. "हे. हे सुई."

कुंदनला मग आवरलं नाही. तो इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हात जोडून म्हणाला, "माफ करा मावशी, तुम्हाला नाही हसलो. त्या ॲपवाल्यांना हसलो, आणि आम्हालाही. आम्ही जोडीदार म्हटलं की आमच्या डोक्यात नवराबायको, सुई म्हटलं की इंजेक्शन. फुलवाली कुणाच्या डोक्यातच आली नाही."

मग त्यानं नीट समजावून सांगितलं. इंजेक्शनची सुई आतून पोकळ असते, तिच्यात रक्त अडकून राहतं, तीच लगेच दुसऱ्याच्या शिरेत गेली तर धोका. हाराची सुई भरीव. ती फुलातून, दोऱ्यातून जाते, वाऱ्यावर सुकते, आणि हा विषाणू बाहेर फार टिकत नाही. अशा सुईनं आजार लागल्याचं त्यानं तरी ऐकलं नव्हतं. तरी रक्त लागलेली सुई पुसून घ्यावी, आपापली ठेवावी, दुसरे आजार काय कमी आहेत? "आणि जी बाई रोज न चुकता गोळी घेते ना मावशी, तिच्या रक्तात हा विषाणू इतका दबून राहतो की तपासणीतही सापडत नाही."

मनाच्या शांतीसाठी त्यानं बोटातून थेंबभर रक्त घेतलं. अर्ध्या तासानं कागद आला. काही नव्हतं. आशाबाईनं कागद दोनदा वाचून घेतला आणि हुंदका देऊन रडली. मग डोळे पुसता पुसता तिच्या ध्यानात आलं की आपण पार्वताचं नाव घेऊन बसलो.

"ते नाव मी ऐकलं नाही," कुंदन म्हणाला. "तुम्हीही कुणाला ऐकवू नका. आणि नुसती डबी पाहून कुणाला काय आहे ते ठरवू नका."

"मंग तिलेच इचारू का?"

"ते मी कसं सांगू मावशी? जोडीदार तुमची आहे."

बसस्थानकावर आचल भेटायला आली. आशाबाईनं तिला चिवड्याचा डबा दिला आणि एवढंच बोलली, "तुह्या त्या मोबाइलवाल्या पोरीले सांगजो, सुई कोनती ते नीट सांगत जाय म्हना." आचल तोंडाकडं पाहत राहिली, पण तोवर आई एसटीत चढली होती.

दसऱ्याला सकाळी सहालाच आशाबाई ओट्यावर पोचली. गल्ली झेंडूनं पिवळीजर्द झाली होती. पार्वताबाई आधीच आली होती. आशाबाईच्या जागेवर झेंडू नीट निवडून, देठ काढून, ढीग करून ठेवला होता. पण पार्वताबाईचं स्वतःचं सामान, टोपल्या, बसायचं पोतं, पाण्याची बाटली, सगळं बांधून एका बाजूला होतं.

"आली का तपासून?" पार्वताबाईनं विचारलं. मान वर केली नाही.

आशाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"खुशालभाऊ म्हने, कंबर धरली. तुही कंबर धरली असती त तूच फोन करून साऱ्या गल्लीले सांगतलं असतं." पार्वताबाईनं एक देठ तोडलं. "कोपऱ्यातल्या ओट्याचं बोलून ठेवलं हाये मी. आजचा बाजार झाला का जातो. तुले भेव नको."

"मले काही नाही निंगालं वं," आशाबाई कशीबशी म्हणाली. "मले त त्या सुईचं भेव लागलं."

"मालूम हाये, नसंनच निंगालं. मले जवा समजलं ना, सहा सालाआंधी, डाक्टरले पयला सवाल मी तोच केला. माह्या जोडीदारनीले हाराच्या सुईनं होईन का म्हून. नवरा मरून पंधरा दिवस नव्हते झाले. डाक्टर म्हने, बाई, आंधी सोताचं इचार. मी म्हनलं, आंधी तिचं सांगा. त्यायनं सांगतलं, नाही होत. मंग मी येऊन बसली."

आशाबाई ओट्याच्या कडेला टेकली. दोन दिवस ती ज्या बाईवर मनातल्या मनात दात खात होती, त्या बाईनं सहा वर्षांपूर्वी तिचा प्रश्न तिच्या आधी विचारून ठेवला होता. तिला रडू आलं, आणि रडता रडता तिचा जुना स्वभावही उसळला. "मंग मले काहून नाही सांगतलं? सहा सालं?"

पार्वताबाईनं पहिल्यांदा मान वर केली. "तू काहून नाही इचारलं? मयतीच्या हारवाल्याले इचारतं तू, त्याच्या बापाले काय झालतं. केळीवाल्याच्या साळीच्या नवऱ्याचं इचारतं. देवीदास मेला, मी महिन्यानं येऊन बसली, तू मले चहा देल्ला, साखर जास्त टाकून देल्ला. पन एक डाव नाही म्हनलं का पार्वते, काय झालतं त्याले? रोज वाट पाह्यली मी. म्हनलं आज इचारंन, उद्या इचारंन. तुले मालूम करायचंच नव्हतं."

एवढं बोलणं पार्वताबाई बारा वर्षांत एका दमात बोलली नव्हती. आणि ते खरं होतं. काविळीवर तिचा त्या वेळीही विश्वास बसला नव्हता. गल्लीत कुजबुज झाली तेव्हा तिनंच पुढं होऊन रगत कमी असल्याची बातमी पसरवली होती, लोकांना गप्प करायला. आणि स्वतःलाही.

समोर मोटारसायकल थांबली. गिऱ्हाईक म्हणालं, "गाडीचा हार केवढ्याचा?"

आशाबाई उठली. पार्वताबाईच्या टोपलीची दोरी तिनं सोडली, पोतं काढून नेहमीच्या जागी अंथरलं, आणि त्याच्याशेजारी आपली बैठक मारली. नाक पदराला पुसलं.

"काय झालतं देवीदासले?" तिनं विचारलं. "न् तुले कसं समजलं? कोन गेलतं तुह्यासंगं दवाखान्यात? एकटीच गेली का? गोळीनं चक्कर येते का वं? लेकराले सांगतलं का? दर महिन्याले कुठी जातं गोळ्या आनाले? मले काहून..."

"एक एक इचार वं, माय!" पार्वताबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "पयले त्या मान्साले हार दे. कवाचा उभा हाये तो."